न विचारलेला प्रश्न : ‘रेडी प्लेअर वन’ ह्या कादंबरीविषयी

‘स्मरणरंजन’ हा शब्द मराठी समीक्षेत बहुधा तक्रारीच्या सुरातच योजिला जातो. गतकाळातील काटे वेचून टाकावेत आणि उरलेल्या गोडव्यात रमून जावे, असा त्याचा अर्थ आपण घेत आलो आहोत. वाडीतला रहाट, आजीच्या हातची भाकरी, नाताळच्या मध्यरात्रीच्या ख्रिस्तयागाला कंदील घेऊन निघालेली माणसे ह्यांविषयीचे लेखन आपल्या समाजाला नवे नाही. ह्या त्रैमासिकाच्या पानांवरही ते पुष्कळ आले आहे आणि वाचकांनी ते आवडीने वाचले आहे. तेव्हा स्मरणरंजनाला नाके मुरडण्याचा अधिकार आम्हांस नाही. मात्र ते कोठे थांबते आणि खरे स्मरण कोठे सुरू होते, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. ह्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही एक अनपेक्षित पुस्तक निवडले आहे. अर्नेस्ट क्लाइन ह्या अमेरिकन लेखकाची ‘रेडी प्लेअर वन’ ही कादंबरी २०११ साली प्रसिद्ध झाली. २०१८ मध्ये स्टीव्हन स्पिलबर्ग ह्यांनी तिच्यावर चित्रपट काढला आणि २०२० मध्ये तिचा उत्तरार्धही आला. कादंबरीचा विषय आहे जुन्या व्हिडिओ गेम्सची ओढ.

व्हिडिओ गेम्स आणि साहित्य ह्यांचा काय संबंध, असे काही ज्येष्ठ वाचक विचारतील. पण ज्या घरांतील आईवडील आज चाळिशीच्या पुढे गेले आहेत, त्यांनी आपले १९९० च्या दशकातील दिवस आठवून पाहावेत. दूरदर्शन संचाला जोडलेला तो खेळाचा डबा, त्यात खोचायची कॅसेट, ती चालेना म्हणून तिच्यात मारलेली फुंकर, आणि ‘मारिओ’च्या पुढच्या पायरीसाठी भावंडांत झालेली भांडणे ह्या पिढीच्या बालपणाचा भाग आहेत. आजीच्या भाकरीची आठवण साहित्याचा विषय होत असेल, तर ही आठवणही होऊ शकते. प्रश्न विषयाचा नसून लेखक त्या आठवणीचे काय करतो, एवढाच आहे.

कथानक थोडक्यात असे. काळ आहे इसवी सन २०४४-४५ चा. इंधन संपत आले आहे, भूक आणि बेकारी सर्वत्र आहे. ओक्लाहोमा सिटी शहराच्या कडेला राहण्याच्या जुन्या गाड्या लोखंडी सांगाड्यांवर एकावर एक रचून गरिबांची वस्ती उभी राहिली आहे. तेथे वेड वॉट्स हा अठरा वर्षांचा पोरका मुलगा मावशीच्या आश्रयाने राहतो. खऱ्या जगात त्याला काहीच मिळण्यासारखे नाही, म्हणून तो आणि जगातील बहुतेक माणसे आपला वेळ ‘ओएसिस’ नावाच्या संगणकीय विश्वात घालवितात. वेडची शाळाही तेथेच भरते. हे विश्व निर्माण करणारा जेम्स हॅलिडे हा एकलकोंडा कल्पक मनुष्य मरतो आणि मागे एक विलक्षण मृत्युपत्र ठेवतो. ओएसिसमध्ये त्याने एक ‘अंडे’ लपविले आहे. तीन किल्ल्या मिळवून, तीन दारे ओलांडून जो ते शोधील, त्याला हॅलिडेची २४० अब्ज डॉलरची संपत्ती आणि त्या विश्वावरील सत्ता मिळेल. कोडी सोडविण्यासाठी एकच विद्या हवी. हॅलिडेचे बालपण १९८० च्या दशकात गेले आणि त्या काळातील खेळ, चित्रपट व गाणी हेच त्याचे सर्वस्व होते. तेव्हा ज्याला ते दशक मुखोद्गत, तो विजयी. एक बलाढ्य कंपनी भाडोत्री खेळाडूंची फौज घेऊन ह्या शोधात उतरते आणि माणसांचे प्राण घेण्यासही मागेपुढे पाहत नाही. वेडला ‘आर्टेमिस’, ‘एच’, ‘दाइतो’ आणि ‘शोतो’ हे सोबती भेटतात आणि शर्यत सुरू होते.

कादंबरीचे गुण प्रथम सांगितले पाहिजेत. तिला वेग आहे. रचलेल्या गाड्यांची ती वस्ती आणि भंगाराच्या ढिगात गाडल्या गेलेल्या एका जुन्या गाडीत वेडने केलेली आपली गुप्त जागा ही चित्रे मनावर ठसतात. लेखकाला आपल्या विषयाची मनापासून माया आहे. २०१४ मध्ये न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्दो येथे, १९८३ साली पुरलेल्या अटारी कंपनीच्या न खपलेल्या कॅसेटी उकरून काढण्यात आल्या, तेव्हा क्लाइन स्वतः तेथे हजर होते. अशा मनुष्याने हे पुस्तक लिहिले आहे. त्यामुळे खेळांची वर्णने ऐकीव वाटत नाहीत. उदाहरणार्थ, नाम्को कंपनीसाठी तोरू इवातानी ह्यांनी १९८० मध्ये घडविलेला ‘पॅक-मॅन’ घ्या. त्यातील चारही भुतांच्या चालीला ठरावीक नियम आहेत, म्हणून धीर धरणाऱ्या खेळाडूला वाट पाठ करता येते. खेळाला शेवट ठेवलेलाच नव्हता. परंतु पायरीचा आकडा ज्या छोट्याशा जागेत साठविला जाई तिची मर्यादा २५५ ची असल्याने २५६ व्या पायरीला अर्धा पडदा विस्कटून जातो. तेथवर एकही चूक न करता पोहोचणाऱ्याचे गुण भरतात ३३,३३,३६०. वेड हा डाव पुरा करतो आणि त्याला एक नाणे मिळते. पुढे त्याच नाण्यामुळे ओएसिसमधील त्याच्या रूपाचा प्राण वाचतो. हा भाग लेखकाने रंगवून लिहिला आहे.

पण कादंबरीतील सर्वांत अर्थपूर्ण धागा आम्हांस निराळा वाटतो. १९८० साली बाजारात आलेला अटारीचा ‘अॅडव्हेंचर’ हा खेळ वॉरन रॉबिनेट नावाच्या तरुणाने एकट्याने रचला होता. कंपनी त्या काळी खेळ रचणाऱ्याचे नाव कोठेही छापत नसे. रॉबिनेटने कोणालाही न सांगता खेळात एक गुप्त दालन ठेवले. पार्श्वभूमीच्याच रंगाचा, डोळ्यांना न दिसणारा एक ठिपका शोधून तो विशिष्ट भिंतीपाशी नेला तरच तेथे जाता येई, आणि तेथे लिहिलेले असे ते फक्त त्याचे नाव. तो नोकरी सोडून गेल्यावर एका मुलाने पत्र लिहिले तेव्हा कुठे कंपनीला ही गोष्ट कळली. पाश्चात्त्य देशांत ईस्टरच्या दिवशी मुलांनी शोधावीत म्हणून रंगविलेली अंडी बागेत लपवितात. त्या प्रथेवरून अशा गुपितांना ‘ईस्टर एग’ म्हणू लागले. प्रभूच्या पुनरुत्थानाच्या सणातील एक शब्द अशा रीतीने यंत्रांच्या भाषेत जाऊन बसला. कादंबरीचे शेवटचे कोडे म्हणजे हेच गुप्त दालन आहे. ‘अॅडव्हेंचर’मध्ये जिंकण्यासाठी हरवलेला चषक किल्ल्यात परत आणायचा असतो. पण वेडला उमजते की येथे चषक शोधायचा नसून ज्या जागी एका विस्मृत कारागिराने आपले नाव लपविले, ती जागा शोधायची आहे. ‘मी येथे होतो, हे मी केले, माझे नाव विसरू नका’ अशी जणू एका माणसाची ती हाक आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी नाव देणाऱ्या आणि मृतांच्या मिस्सेत नावे घेऊन प्रार्थना करणाऱ्या आपल्या समाजाला त्या हाकेचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही.

येथवर आम्ही लेखकाबरोबर आहोत. मतभेद पुढे सुरू होतो. वेड ज्या दशकासाठी झुरतो, ते त्याने पाहिलेलेच नाही. त्याचा जन्म त्यानंतर कितीतरी वर्षांनी झाला. म्हणजे त्याची ओढ उसनी आहे. दुसऱ्याच्या बालपणाची आहे. हा विचार फार खोल जाऊ शकला असता. आपल्या मुलांना आपण आपल्या आठवणी देतो, तेव्हा नेमके काय देतो, हा प्रश्न त्यात दडलेला होता. परंतु लेखक त्या वाटेने जात नाही. त्याच्या लेखी आठवण म्हणजे माहिती, आणि माहिती म्हणजे संपत्तीची किल्ली. पानेच्या पाने खेळांची, मालिकांची आणि गाण्यांची नावे येत राहतात. एखादे नाव आले की वाचकाने ओळखीचे स्मित करावे आणि पुढे जावे, अशी अपेक्षा दिसते. ती वस्तू कोणाच्या घरात होती, तिच्याभोवती कोण बसत असे, हे क्वचितच कळते. वेडला एवढे सारे आधीच पाठ आहे की तो खऱ्या अर्थाने अडखळतो असे प्रसंगही थोडे आहेत.

पहिल्या दाराच्या आतील प्रसंग ह्या दृष्टीने बोलका आहे. १९८३ च्या ‘वॉरगेम्स’ ह्या चित्रपटात वेडला नायकाच्या जागी उभे केले जाते आणि नायकाची सर्व वाक्ये जशीच्या तशी म्हणावी लागतात. वाक्य बरोबर आले की गुण मिळतात. हे वाचताना आम्हांस धर्मशिक्षणाच्या वर्गातील प्रश्नोत्तरी आठवली. अर्थ न कळताही ती घडाघडा म्हणून बक्षिसे घेणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. आपल्यापैकी अनेकजण तीच मुले होतो. कोणी म्हणेल, ख्रिस्तयागात आपणही ठरलेली वाक्येच उच्चारतो, मग फरक तो काय? फरक मोठा आहे. वेडभोवतीची सारी पात्रे यंत्राने हलविलेल्या बाहुल्या आहेत. तेथे त्याच्या शब्दाला कोणीही खरे उत्तर देत नाही. उपासनेतील प्रतिसाद मात्र शेजारी जिवंत माणूस उभा आहे हे गृहीत धरून दिलेला असतो. शांतीची खूण करताना त्याचा हात हातात घ्यावा लागतो. शिवाय ख्रिस्तयागातील स्मरण ही भूतकाळाची नक्कल नव्हे. ज्याचे स्मरण करायचे तो तेथे उपस्थित आहे, अशी आपली श्रद्धा आहे.

ह्या साऱ्याचे मूळ कादंबरीतीलच एका तपशिलात आहे. हॅलिडेने ओएसिसमध्ये आपले मूळ गाव, ओहायो राज्यातील मिडलटाउन, हुबेहूब उभारले आहे. त्यात आपले लहानपणचे घरही आहे. वेड त्या घरात शिरतो. वस्तू जागच्या जागी आहेत, पण घरात माणूस नाही. हॅलिडेने आपल्या आईवडिलांची रूपे तेथे निर्माणच केलेली नाहीत. भिंतीवर कुटुंबाचे एक छायाचित्र तेवढे आहे. पाहणाऱ्याला ते साधेसुधे कुटुंब वाटावे. पण बाप दारूच्या आहारी गेलेला आणि छळ करणारा होता, आई मनोविकाराने ग्रासलेली होती, हे त्या छायाचित्रातून कळत नाही. वेडला हे माहीत आहे. तो ते नोंदवितो आणि खेळाच्या यंत्राकडे वळतो.

हे दृश्य वाचून आम्ही पुस्तक काही वेळ मिटून ठेवले. ज्याने अवघे विश्व निर्माण केले, त्याला स्वतःच्या घरात आईवडिलांना बसविता आले नाही. त्याचे खेळावरचे प्रेम म्हणजे त्या घरातून पळून जाण्याची वाट होती. कादंबरीचा खरा विषय येथे दाराशी येऊन उभा राहिला होता आणि लेखकाने त्याला आत घेतले नाही.

ओएसिसमध्ये वेडने घेतलेले नाव ‘पार्झिव्हल’ असे आहे. शेवटच्या भोजनातील पवित्र चषक शोधणाऱ्या सरदाराचे हे नाव. तेराव्या शतकाच्या आरंभी वोल्फ्राम फॉन एशेनबाख ह्या जर्मन कवीने त्याच्यावर महाकाव्य रचले. त्या काव्यात पार्झिव्हल ग्रेलच्या किल्ल्यात पोहोचतो. तेथील राजा असाध्य जखमेने तळमळत असतो. पार्झिव्हलला शिष्टाचार शिकविलेला आहे, की फार प्रश्न विचारू नयेत. म्हणून तो गप्प राहतो, आणि तेथेच त्याची हार होते. राजाला कशाचे दुःख आहे, एवढे त्याने करुणेने विचारले असते तर राजा बरा झाला असता. पुढे अनेक वर्षे भटकल्यावर त्याला ती संधी पुन्हा मिळते आणि तो तो प्रश्न विचारतो.

क्लाइन ह्यांनी हे नाव कितपत विचारपूर्वक योजिले, हे ठरविणे आमचे काम नाही. पण नाव एकदा घेतले की त्याचा वारसाही येतो. हॅलिडे हा ह्या कथेतील जखमी राजाच आहे. वेडला त्याची आवडती न्याहारी, आवडते चित्रपट, आवडते खेळ सारे ठाऊक आहे. त्याच्या रोजनिशीची शेकडो पाने त्याने पाठ केली आहेत. ह्या माणसाला काय दुखत होते, हे मात्र तो कधी विचारीत नाही.

हॅलिडे निदान मेलेला होता. जिवंत माणसाबाबत काय घडते ते पाहावे. वेडच्या वस्तीत मिसेस गिल्मोर नावाच्या सत्तरी उलटलेल्या बाई राहतात. त्या भाविक ख्रिस्ती आहेत. संगणकीय प्रार्थनासभेत स्तोत्रे गातात, प्रवचने ऐकतात, त्याच यंत्रातून पवित्र भूमीची यात्रा करतात. त्यांचे जुने यंत्र बिघडले की वेड ते दुरुस्त करून देतो. त्या त्याच्यासाठी प्रार्थना करतात. वेडला धर्म ही मनाची गोड समजूत वाटते, पण तसे तो त्यांना बोलून दाखवीत नाही. त्यांचा धर्म आणि आपला अंड्याचा शोध ह्यांत विशेष अंतर नाही, असे तो मनाशी म्हणतो. आमची श्रद्धा दुखावली म्हणून आम्ही हे सांगत नाही. आपल्या भोळ्या शेजारणीला न दुखावणारा हा मुलगा आम्हांस आवडलाच. आमची तक्रार दुसरी आहे. मिसेस गिल्मोर ह्या १९८० चे दशक प्रत्यक्ष जगलेल्या आहेत. वेडला हे ठाऊक आहे आणि तो त्यांना त्या काळाविषयी नाना प्रश्न विचारतो, पुस्तकांत न सापडणारे तपशील त्यांच्याकडून मिळवितो. पण ह्या बाई एकट्या का, त्यांची माणसे कोठे गेली, त्या रात्री कोणासाठी रडतात, हे वाचकाला कळत नाही, कारण वेडने ते विचारलेले कोठे दिसत नाही. पुढे कंपनीने घडविलेल्या स्फोटात वस्ती कोसळते आणि वेडच्या मावशीबरोबर त्याही मरतात. कथा पुढे धावते. त्या दशकाची एक जिवंत साक्षीदार गेली आणि त्याच्या प्रतिकृतींचा शोध तेवढ्याच उत्साहाने चालू राहिला, ह्यातील विसंगती लेखकाच्या ध्यानात आली असती, तर ही कादंबरी मोठी झाली असती.

मिसेस गिल्मोर आम्हांस परक्या वाटत नाहीत. २०२० साली कोविडच्या साथीत चर्चची दारे बंद झाली, तेव्हा आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी वृद्ध स्त्रिया नातवंडांनी लावून दिलेल्या मोबाईलपुढे रोझरी हातात धरून बसल्या होत्या. पडद्यावरच्या त्या मिस्सेची चेष्टा आम्ही करणार नाही. त्या दिवसांत तिने अनेकांना धीर दिला. पण यंत्र लावून दिल्यावर नातवंड तेथे क्षणभर टेकले काय, आजीला काही विचारले काय, हा प्रश्न ज्याने त्याने आपापल्या घरापुरता विचारावा.

कादंबरीच्या शेवटी लेखक स्वतःच आपल्या नायकाला थोडे वर उचलतो, हे नमूद करणे न्यायाचे होईल. ‘एच’ हा गोरा तरुण प्रत्यक्षात हेलन नावाची कृष्णवर्णीय मुलगी असते. गोऱ्या पुरुषाच्या रूपाला जगात दारे सहज उघडतात, हे तिच्या आईने तिला शिकविले होते. ते कळल्यावर वेड क्षणभर गोंधळतो, पण मैत्री सोडीत नाही. बक्षीस मिळाले तर पृथ्वी सोडून अंतराळात निघून जावे, असे म्हणणारा हा मुलगा, भुकेल्यांना अन्न द्यावे असे म्हणणाऱ्या आर्टेमिसच्या सहवासात बदलतो आणि मिळालेले सारे सोबत्यांत वाटून घेतो. हॅलिडेची छाया त्याच्यापुढे येऊन कबुली देते, की आपण आयुष्यभर खऱ्या जगाला भ्यालो आणि फार उशिरा आपल्याला कळले, की खरे सुख तेथेच मिळते. ओएसिस कायमचे पुसून टाकणारे एक बटणही तो वेडला दाखवितो. जखमी राजा न विचारताच बोलला! ही कादंबरीतील सर्वांत खरी जागा आहे. पण ती शेवटच्या काही पानांत येते आणि तोवर शेकडो पाने विरुद्ध दिशेने गेलेली असतात. चित्रपटात स्पिलबर्ग ह्यांनी आणखी एक पाऊल टाकले. तेथे नवे मालक आठवड्यातून दोन दिवस, मंगळवारी आणि गुरुवारी, ओएसिस बंद ठेवतात. विसाव्याचा दिवस पाळण्याची आज्ञा जाणणाऱ्या वाचकांना ह्या कल्पनेचे मर्म सांगावे लागणार नाही.

खेळ वाईट, असा निष्कर्ष कोणी काढू नये. ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपदी घोषित झालेला कार्लो अकुटिस हा मुलगा व्हिडिओ गेम खेळत असे आणि त्याने स्वतःला आठवड्याला एका तासाची मर्यादा घालून घेतली होती. खेळ हा आठवणीचा धागा होऊ शकतो, दोन पिढ्यांना एका चटईवर बसवू शकतो. क्लाइन ह्यांची कादंबरी तरुण मुलांनी वाचावी. ती त्यांना आवडेल. आईवडिलांनीही वाचावी आणि आपल्या वेळच्या खेळांविषयी मुलांशी बोलावे. त्या वेळी ‘आम्ही कितव्या पायरीपर्यंत पोहोचलो होतो’ एवढेच न सांगता, शेजारी कोण बसले होते, कॅसेट कोणाची होती, दिवे गेल्यावर सगळी कोठे निघून गेली, आणि त्यांतील कोण आज आपल्यात नाही, हेही सांगावे. मग मुले प्रश्न विचारू लागतील. त्यांतला एखादा प्रश्न घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या खाटेपाशी जाऊन विचारला गेला, तर ह्या कादंबरीच्या नायकाला जे साधले नाही, ते आपल्या घरी साधले असे आम्ही समजू.